माहेरचं बाळंतपण

डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर राजश्री हिरव्या साडीत बसली होती आणि न्यू जर्सीतल्या पाहुण्यांना सासूबाई तेच तेच सांगत होत्या, "मुलगा-सून व्हिसावर असले म्हणून काय झालं? इथं जन्मला की नातू इथलाच नागरिक. उद्या अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षसुद्धा होईल!"

"बाळंतपणाला माझ्या आईला बोलवायचं ना?" राजश्रीने विचारलं.

"नको गं बाई! मंडईत भाजी विकणारी ती. चारचौघांत लाज काढेल."

पुढच्याच आठवड्यात भावाच्या लग्नाला म्हणून राजश्री माहेरी तासगावला आली आणि परत गेलीच नाही. नवऱ्याने विनवण्या केल्या, सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं; ती बधली नाही.

बारशाच्या दिवशी सासूबाई व्हिडिओ कॉलवर रडत होत्या. "पोटच्या पोरावर सूड उगवलास गं! आता कसला राष्ट्राध्यक्ष होतोय तो?"

राजश्रीने फोन आईकडे वळवला. आई बाळाला मांडीवर घेऊन काजळ लावत होती.

"तासगावचा नगराध्यक्ष होईल," राजश्री म्हणाली. "मतं मागायला ही आजी फिरेल. अख्खी मंडई ओळखते तिला."