हाजींच्या नावाची मेणबत्ती

"आई, ही एवढी जाड?" इब्तिसामने विचारलं.

"हाजींच्या नावाची आहे," सासू नफीसाबाई म्हणाल्या. "बाजारातली आणवेना मला. मेण वितळवून स्वतः ओतली."

परातीत तीन मेणबत्त्या उभ्या होत्या. दोन बाजारच्या, करंगळीएवढ्या. एक यासीन, इब्तिसामच्या आवडीच्या नावाची. एक करीम, नुसती संख्या भरायला. आणि मध्ये ही मनगटाएवढी, दसूकी. बाळाचा सातवा दिवस होता, आणि जी मेणबत्ती शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. अख्ख्या तंता शहरात हीच रीत. पण मग मेणबत्त्या सारख्या नकोत? इब्तिसामने नवऱ्याकडे पाहिलं. रिफतने छताकडे पाहिलं.

जन्मभर लेकराला त्या नावाने हाक मारायची? शी!

तिचे सासरे हाजी दसूकी जाऊन वर्ष झालं, तरी चार माणसं जमली की त्यांच्याच गोष्टी. दिलखुलास माणूस. गल्लीची जान. असेल! इब्तिसामला आठवायचा तो या घरातला पहिला घास. हिरवीगार, बुळबुळीत मुलूखियाची भाजी. तिने चमचा बुडवला आणि वर आली सासऱ्यांची कवळी. ओली, पिवळी, फटीत बियांची फोलपटं अडकलेली. तिला भडभडून ओकारी आली आणि सगळे हसून हसून लोळले. "सून पास!" म्हणत हाजींनी कवळी चोखली आणि परत तोंडात बसवली. मुलूखिया ती आजही तोंड फिरवून शिजवते.

मेणबत्त्या पेटल्या. पितळी खलबत्ता वाजला. बाळाला चाळणीत ठेवून हलवलं आणि नफीसाबाईंनी त्याच्या कानाशी ताकीद दिली, "आईचं ऐक रे, बापाचं ऐकू नको!" सगळे हसले. बदाम-शेंगदाणे वाटले गेले आणि गोष्टी सुरू झाल्या.

"नफीसाची आई गेली तेव्हाची गंमत सांगू?" हाजींची बहीण अतियात म्हणाली.

"नको गं," नफीसाबाई म्हणाल्या.

"सांगणार! आई गेल्याचा निरोप आला. ही रडत बसलेली. तेवढ्यात दादा ओरडत आला, 'नफीसा, अगं तुझी आई उठून बसली! चहा मागतेय!' ही जी सुटली, अख्खी गल्ली अनवाणी!"

"अनवाणी नव्हे," नफीसाबाई म्हणाल्या. "एका पायात चप्पल होती."

आणि रुमालाचं टोक डोळ्यांना लावून त्याच सगळ्यांत जास्त हसल्या.

इब्तिसामला त्यांची किळस आली. हाजींची आली नसेल एवढी. मेलेल्या आईवरून केलेली थट्टा, आणि ही बाई त्यात चपलेचा तपशील भरतेय! म्हणे स्वतः ओतली. दर्गाच बांधायचा बाकी ठेवला होता.

वाऱ्याने करीम गेला. खिडक्या लावून घेतल्या. यासीनची ज्योत परातीला टेकायला आली होती. दसूकी मात्र जेमतेम बोटभर उतरली होती.

"ये रे माझ्या दसूक्या," म्हणत अतियातने बाळाकडे हात पसरले. इब्तिसामने बाळ दिलं नाही.

"रिफत, बोल ना काहीतरी," ती कुजबुजली.

"आता काय बोलू? रीत आहे."

तेवढ्यात जाड मेणबत्ती तडतडली. ज्योत निळी झाली, बुटकी झाली आणि वितळलेल्या मेणात गडप झाली. यासीन अजून मिणमिणत होता.

"अगं बाई!" अतियात उठून उभी राहिली. "वारा आला असेल. लाव, लाव परत!"

रिफतने काडी ओढली. नफीसाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"विझलेली परत लावत नाहीत. अपशकुन असतो. यासीन म्हणायचं बाळाला."

त्यांचा आवाज कापत होता.

"बघा," अतियात म्हणाली, "मेल्यावरही दादाने थट्टा सोडली नाही!" सगळे पुन्हा खो खो हसले.

इब्तिसामला सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली. स्वयंपाकघरात नफीसाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून पेले धूत होत्या. त्यांचे खांदे गदगदत होते. कशीही असली तरी बाईने नवऱ्यासाठी एवढ्या हौसेने केलेलं.

"आई," ती म्हणाली, "तुमचं मन मोडलं. मला खरंच वाईट वाटतंय."

नफीसाबाई वळल्या. त्या हसत होत्या.

"वाईट कसलं, वेडे? वात मीच जेमतेम बोटभर घातली होती."