न हसणाऱ्यांसाठीचा शब्द

“सापडला! आजीसाठी अगदी नेमका इंग्रजी शब्द सापडला,” मोबाइलमधून मान वर न काढताच निकिता ओरडली. “अ‍ॅजेलास्ट. म्हणजे कधीच न हसणारं माणूस!”

शेखरला हसू आवरेना. रविवार होता, अंबडच्या कारखान्याला सुट्टी. समोर त्याची आई, कुसाबाई, मेथी निवडत बसली होती. नातीचं बोलणं तिनं ऐकलं, पण चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

“हा शब्द आमच्या लहानपणी हवा होता गं,” शेखर लेकीला म्हणाला.

त्याला येवल्याचं घर आठवलं. आई मागावर पैठणी विणत असायची आणि तो न् त्याची बहीण हर्षाली तिच्यासमोर सोंगं करायचे. कधी एसटीचा कंडक्टर, कधी चिखलात घसरलेले गुरुजी. वडील हसता हसता खोकायला लागायचे. आई मात्र खाली मान घालून धोटा फेकत राहायची. हर्षाली अगदी रडकुंडीला यायची. शेवटी दोघांनी ठरवूनच टाकलं, आईला विनोद कळत नाही. तरी दुसऱ्या दिवशी नवं सोंग तयार! आता हर्षाली पुण्यात, वडील गेले, माग विकला. मागाची खटखट मात्र शेखरच्या कानात अजून होती.

“मूळ ग्रीक शब्द आहे,” निकिता वाचू लागली. “तिकडे एका खडकालाच म्हणे हे नाव होतं. न हसणारा खडक. एका देवीची मुलगी हरवली. शोधून शोधून ती थकली आणि त्या खडकावर येऊन बसली.”

कुसाबाईचे हात थांबले.

शेखरचं हसूही विरलं. त्याच्या जन्माआधी मनमाड स्टेशनच्या गर्दीत आईच्या हातून मीना सुटली होती. त्याची थोरली बहीण, चार वर्षांची. ती परत मिळालीच नाही. आत्यानं एकदा हळूच सांगितलं होतं, तेवढंच. घरात ते नाव कुणी काढत नसे. पण ती गोष्ट आणि आईचं न हसणं यांची सांगड त्यानं कधी घातलीच नव्हती.

“मंग?” कुसाबाईनं विचारलं. “पुढं हसली का न्हाई ती देवी?”

“हसली ना. तिथल्या एका बाईनं तिची थट्टामस्करी केली, तेव्हा हसली.”

“पोरगी घावल्यावर?”

“नाही आजी. मुलगी पुष्कळ नंतर मिळाली. ही त्याच्या आधीच हसली.”

कुसाबाईनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मग तिनं शेखरकडे पाहिलं.

“आधी हसलं तरी चालत व्हतं व्हय रे?” ती म्हणाली. “मला वाटायचं, मीना घावल्यावरच हसायचं.”