लगेच उघडायला हवं

नणंद नवऱ्याला सोडून बॅगेसकट माहेरी आली, त्याच वर्षी सासूबाईंच्या नाकातोंडावर श्वासाच्या यंत्राचा मास्क चढला. यंत्राबरोबर छापील पुस्तिका नव्हती. कंपनीनं पीडीएफ पाठवली, भली मोठी, आणि घरातला कॉम्प्युटर म्हातारा.

"ही फाइल उघडेपर्यंत माणूस जाईल," सून म्हणाली.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला टेबलाखाली वाकून वायर खोचत होता. तो म्हणाला, "फाइलीचा दोष नाही, वहिनी. तुमचा प्रोग्राम जड आहे. सह्या घेतो, पानं जोडतो, रंग भरतो. फक्त वाचायचं म्हटलं की त्याला धाप लागते."

"मला फक्त वाचायचंच आहे. फुकटातला, हलका असा एखादा बघ."

त्यानं एक टाकला. उघडताक्षणी कोपऱ्यात जाहिरात नाचायला लागली. सुनेनं मान हलवली. दुसरा दिसायला बरा होता, पण नेट काढल्याबरोबर रुसून बसला.

"नेट तर इथं दिवसाआड जातं. काढ हा."

"वहिनी, नवरा निवडताना एवढी चौकशी केली होती का?"

"तेव्हा मला विचारलं कुणी?"

पलंगाच्या पायथ्याशी बसलेली नणंद फणकारली. "माझ्याकडे बघत बोलू नका. मी चांगली चौकशी करूनच केला होता." दुरुस्तीवाल्यानं हसू लपवायला पुन्हा टेबलाखाली डोकं घातलं.

तिसरा प्रोग्राम एवढासा होता. टिचकी मारली की पान समोर. वर चौकटीत शब्द लिहिला की तो असेल तिथं तिथं पिवळा दिसायचा. सुनेनं लिहिलं, 'अलार्म'. पडद्यावर पिवळे ठिपके उमटले.

"हाच ठेव," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिचा नेम झाला. पलंगाशेजारी शिलाई मशीन, मशीनशेजारी कॉम्प्युटर. शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करता करता ती एखादं पान वाचायची आणि यंत्राजवळ जाऊन बटणं निरखायची. सासूबाई मास्कमागून तिच्याकडे टक लावून बघत असायच्या.

नणंदेच्या नजरेतून हे सुटलं नाही. तिनं बाहेरगावी असलेल्या भावाला फोन लावला. "दादा, तुझी बायको रोज अलार्मचंच पान वाचतेय. एक दिवस तो बंद करून आईला संपवेल ही."

"काहीतरीच बोलू नकोस. आणि तू आहेस ना तिथं? लक्ष ठेव."

फोन ठेवून नणंद मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढी हुशारी स्वतःच्या लेकीच्या वेळी कुठं गेली होती कुणास ठाऊक!"

सुनेची मुलगी दोन वर्षांची असताना वारली होती. धाप लागूनच गेली. सुनेचा पाय मशीनवर थांबला. मग ती म्हणाली, "तेव्हा माझ्यासारख्या लहान माणसाचं कुणी ऐकत नव्हतं, ताई." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

एका दुपारी सून दोरा आणायला खाली उतरली आणि यंत्र किंचाळायला लागलं. नणंदेनं मास्क दाबून धरला, दिसेल ते बटण दाबलं. किंचाळी थांबेना. सासूबाईंचे ओठ निळे पडत चालले. नणंद रडत दाराशी धावली, तर सून दोन-दोन पायऱ्या चढत वर येत होती.

सून थेट कॉम्प्युटरपाशी गेली. यंत्रावर आलेला बिघाडाचा आकडा तिनं चौकटीत लिहिला. पान लगेच उघडलं. ते वाचून तिनं यंत्राच्या पाठीमागे हात घातला, निसटलेली नळी चाचपून जागेवर खटकन बसवली. किंचाळी थांबली. सासूबाईंच्या छातीचा भाता हलला, ओठांवर रंग परतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

नणंदेनं सुनेच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "वहिनी, मी काय काय बोलले तुला! माझी जीभ झडो."

"असू द्या, ताई. आईची काळजी म्हणूनच बोललात."

गलका ऐकून आलेली शेजारीण सासूबाईंचे डोळे पुसत म्हणाली, "लेकीनं केलं नसतं एवढं. नशीब काढलंत हो!" सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

नणंदेचा जीव भांड्यात पडला. आईची चिंता मिटली म्हणून तिनं नोकरी धरली आणि भाड्याच्या खोलीत राहायला गेली. ती गेली त्या दुपारी सासूबाईंनी मास्क जरा बाजूला केला.

"नळी मीच उपटली होती."

"माहीत आहे मला."

"बुडणाऱ्या माणसासारखं होतं गं, दिवसभर. डॉक्टर म्हणतो, हे आता असंच चालणार. पाया पडते तुझ्या. पुन्हा काढेन तेव्हा येऊ नकोस."

सुनेनं मास्क नीट बसवला आणि पट्टा थोडा आवळला.

"मी दारात गाडी आणून उभी केली होती," ती म्हणाली. "पोर माझ्या कडेवर, पार निळी पडलेली. तुम्ही दाराला आतून कुलूप घातलंत. म्हणालात, डॉक्टर कशाला, धाप आपोआप बसते."

मग ती कॉम्प्युटरकडे वळली आणि चौकटीत एक शब्द लिहिला. पान क्षणात उघडलं. पानावर बोट ठेवत ठेवत तिनं अलार्मचा आवाज सगळ्यात मोठा केला आणि कुणाला तो कमी करता येऊ नये म्हणून यंत्राची बटणं लॉक करून टाकली.

"आता हात लावून बघा, आई. गल्लीच्या टोकाला असले तरी मला ऐकू येईल."

सासूबाई नऊ वर्षांनी, भर उन्हाळ्यात वारल्या. तोवर सुनेनं त्यांना एकदाही मरू दिलं नाही.