पाहुणा यायचा म्हणून

ते २०११ साल होतं. माझ्या थोरल्या भावाची, एर्गशची, उझबेकिस्तानच्या फरगान्यातली जर्दाळूची वाडी सरकारने काही वर्षांपूर्वी सार्वजनिक बागेसाठी सक्तीने घेतली होती. तेव्हापासून तिथे कुणी फावडंही मारलं नव्हतं. आमच्या वकीलबाई एर्गशला म्हणाल्या, "ज्या कामाला घेतली ते झालंच नाही, म्हणून कोर्टातून जमीन परत मागता येते, एर्गश-अका. न्यायाधीश स्वतः पाहायला येतील. त्यांना ते माजलेलं रान दिसलं की झालं."

त्या सकाळी न्यायाधीशांना आणायला आम्ही दोघं शहरात गेलो. जाताना एर्गशच्या हातांना चैन नव्हती. टोपी काढायचा, पुन्हा घालायचा.

"रान आहे तसंच असेल ना गं?"

"एका सकाळीत कुठे पळून जातंय ते?" मी म्हटलं.

न्यायाधीशांना घेऊन परतलो, तेव्हा आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी म्हातारे मामरसूल-बोबा छाती काढून उभे होते. "एवढा मोठा पाहुणा येणार आणि समोर गवत? तुम्ही निघाल्यापासून सगळी गल्ली राबलीय, एर्गश! आता बघ."

वाडीतलं तण गेलं होतं. बुंध्यांना चुना लावला होता, पाटात पाणी खेळत होतं. झाडाखाली बाजेवर चहा मांडला होता आणि पोरं झोक्यावर होती.

न्यायाधीशांनी दोन पेले चहा घेतला आणि म्हणाले, "इतकी छान बाग झालीय. मग परत काय मागता?"

बोबा आता नाहीत, वकीलबाई ताश्कंदला गेल्या. एर्गश अजून रोज त्याच जर्दाळूखाली बसतो.

संध्याकाळी बागेचं फाटक बंद होईपर्यंत.