पहिली ऑर्डर

बंजारा तांड्यावरच्या बायकांचं कशिदाकाम विकायला राखीने यवतमाळच्या खोलीत बसून ऑनलाइन दुकान बांधलं. ऑर्डर घ्यायला एक प्रोग्राम, पैशांसाठी दुसरा, कारागिरांना बोलून निरोप द्यायला तिसरा. प्रोग्राममध्ये केलेला बदल आपोआप चालू दुकानात जायचा, सरावाचं वेगळं दुकान नव्हतं. चाचणीसाठी तिने खोटं नाव टाकून पिशवी मागवली. निरोपाचा प्रोग्राम खऱ्याच फोनला जोडलेला राहिला. तांड्यावर याडीचा, तिच्या आईचा, फोन वाजला. दोन दिवसांनी चूक कळताच राखी एसटीने धावली. तोवर आरसेभरली पिशवी तयार होती आणि याडीच्या लग्नातल्या घागऱ्यावर तुटके दोरे लोंबत होते. “जवळचे आरसे सरलते,” याडी हसली. “तुह्या दुकानाची पयलीच ऑर्डर, वापस कशी करू? कोन बाई हाय वं ते?” राखीने मान खाली घालून पाकिटावर स्वतःच्याच खोलीचा पत्ता लिहिला. याडीला वाचता येत नाही, याचं आज तिला बरं वाटलं.