बंपरवरचं शून्य

मच्छिंद्र आल्यापासून जीपभोवती फिरत होता, आणि राजानंद मच्छिंद्रभोवती.

सव्वीस जानेवारीची सकाळ होती. परतूरच्या पत्र्याच्या शेडसमोर मिलिटरीची जुनी जोंगा जीप हिरव्या रंगात न्हाऊन उभी होती. एका शेतमालकाच्या गोठ्यातून ओढून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या बसत होत्या. रिटायर झालेल्या ड्रॉइंग मास्तरने, म्हणजे राजानंदने, सहा वर्षं खपून तिला माणसांत आणली होती. लोक हसले, बायको भांडली, पण गडी हटला नाही.

आज ती प्रभातफेरीच्या पुढे चालणार होती आणि तिच्यात बसणार होत्या सगुणाबाई. त्यांचे यजमान एकाहत्तरच्या लढाईत जोंगा चालवतानाच गेले. ही जोंगा त्याच लढाईतली, असं राजानंदने गावाला सांगून ठेवलं होतं. एकदा हॉटेलात चहा पिता पिता तोंडातून निघालं ते निघालं. पुढे ते पेपरात छापून आलं, आणि मग मागे घ्यायची सोय उरली नाही.

मिलिटरीच्या गाडीच्या नंबरात आधी उभा बाण असतो आणि बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आल्याचं साल. पॉलिश पेपरने रंगाचे थर काढता काढता राजानंदला बंपरवर ते साल सापडलं होतं. अठ्ठ्याहत्तर. त्याने ब्रश घेतला आणि इंग्रजी आठाचं शून्य केलं. गाडी सत्तरची झाली. हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि आता हा मच्छिंद्र. सगुणाबाईंचा धाकटा दीर, मंठ्याकडचा, तोही फौजेत ड्रायव्हरकी करून रिटायर झालेला. वहिनीला सोडायला आलो म्हणाला. सोडायला आलेला माणूस चहा पितो आणि खुर्चीत बसतो. हा बॉनेट उचलायला लावत होता, चाकांपाशी उकिडवा बसत होता, पोहे पुढे केले तर नको म्हणत होता. नक्की कुणीतरी याचे कान भरले असणार. बरोबर पेपरवाला तर आणला नाही ना, म्हणून राजानंद फाटकापर्यंत जाऊन बघून आला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

परत येतो तर मच्छिंद्र बंपरपुढे बसलेला. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून नंबर बोटाने वाचत होता. बाण झाला, सात झाला. शून्यावर बोट थांबलं. शून्याच्या पोटात जुन्या रंगाची एक कड नव्या रंगाखालून जराशी वर आलेली होती. बोट तिच्यावरून दोनदा फिरलं.

"नंबर कुणी लिवला, सर?"

"मीच."

"हात चांगलाय तुमचा."

राजानंदने फाटकाकडे पाहिलं. फाटकाबाहेर शाळेच्या पोरांची रांग लागली होती. हा आता उठणार, चारचौघांत बोलणार, आणि सहा वर्षांची मेहनत नि तीस वर्षांची मास्तरकी एका दमात मातीत जाणार.

"आठ हाय खाली," मच्छिंद्र हळू आवाजात म्हणाला. "माझा भाऊ एकाहत्तरला गेल्ता."

"मंग सांगणार का त्यांना?" राजानंदला स्वतःचाच आवाज परका वाटला.

मच्छिंद्रने शेडकडे पाहिलं. सगुणाबाई पदर सारखा करत खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. "पहाटं चारपासून तयार होऊन बसलीय," तो म्हणाला. "इतक्या वर्सांत पैल्यांदा सोताहून नवं लुगडं नेसली. आता म्या काय सांगू तिला?"

त्याने वहिनीला हात धरून गाडीत बसवलं. स्वतः मात्र चढला नाही. जागा होती, राजानंदने दोनदा म्हटलंही. पायी येतो म्हणाला.

गाडी निघाली. पोरं घोषणा देऊ लागली. एव्हाना राजानंदचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण आरशात मच्छिंद्र दिसत होता, पोरांच्या बाजूने ताठ चालत येताना. हा आता नाही, तहसीलसमोर झेंड्याखाली बोलणार, असं राजानंदच्या मनाने घेतलं. त्याने आरसा बाहेरच्या बाजूला वळवून टाकला.

शेजारी सगुणाबाईंनी डॅशबोर्डच्या पत्र्यावर तळहात ठेवला होता. पत्रा गरम होत चालला तरी त्यांनी हात काढला नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "ही त्याच लढाईतली हाय म्हणून तुमी कशावरनं वळखलं?"

राजानंदने हॉर्न वाजवला. पुढे रस्त्यावर कुणीच नव्हतं.