राखाडी जॅकेट

"थांबवा! अहो, तो पट्टा थांबवा ना!"

कपडे निवडायच्या शेडमध्ये एक बाई धावत शिरली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मागून वॉचमन ओरडत येत होता.

चिक्कूमावशीनं हातातला फ्रॉक खाली ठेवला. लोकांनी देऊन टाकलेले कपडे निवडायचं तिचं काम. धडका असेल तो एकीकडे, उसवलेला दुरुस्तीला, अगदीच गेलेला सरकत्या पट्ट्यावरून चिंध्यांच्या मशीनमध्ये. पण चार टाके घालून भागत असेल, तर मशीनला ती बाहीसुद्धा लागू देत नसे. "एक जुना वाचला की एक नवा घ्यायचा टळतो," हे दिवसातून दहादा ऐकवायची. म्हणून तर 'चिक्कू' हे नाव पडलं होतं.

"काय हरवलं, ताई?"

"जॅकेट. राखाडी, टोपीचं. माझ्या मुलाचं." बाईला धाप लागली होती. "मुलीनं वर्षभर नवे कपडे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. जास्तीचे सगळे देऊन टाकले, त्यात भावाचंही गेलं. मी पार माळ्यावर ठेवलं होतं हो!"

"मुलाचं..."

"त्या दिवशी त्याच्या अंगात तेच होतं."

मावशीनं पुढचं काही विचारलं नाही.

"घाबरू नका. चांगलं जॅकेट आम्ही मशीनमध्ये घालत नाही. कुणाच्या तरी अंगाला लागेल म्हणून बाजूला ठेवतो."

बाई मटकन खालीच बसली.

मावशीनं पट्टा बंद केला. मुकादम तणतणत आला. "कुणाला विचारून?"

"कामावरून काढा हवं तर. पण आधी हिला शोधू द्या."

दोघींनी गठ्ठ्यामागून गठ्ठा फोडला. दोऱ्या सोडवताना बाईची नखं तुटली, तिला पत्ताच नव्हता. सातव्या गठ्ठ्यातून राखाडी बाही लोंबली.

जॅकेट छातीशी कवटाळून बाईनं हंबरडा फोडला. मावशीनंही डोळे टिपले. बाहीवर कोपरापर्यंत तपकिरी डाग होता.

"निघेल हो हा."

"नाही निघत. चारदा धुतलं."

"मग राहू द्या. तेवढीच लेकराची आठवण." मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पट्टा पुन्हा चालू केला. चिंध्यांच्या मशीनची पाती घरघरू लागली.

बाई उठली. तडक मशीनपाशी गेली आणि दोन्ही हातांनी जॅकेट आत कोंबलं.

"अहो! काय केलंत हे!" मावशी किंचाळली.

शेवटची बाही ओढली जाईपर्यंत बाई जागची हलली नाही. मग तिनं तोंड पुसलं.

"तो घरी आहे," ती म्हणाली. "पोलीस यायच्या आत मला पोचायला हवं."